दिवस-वेळ नसलेलं आमंत्रण

दादरला एका हॉलमध्ये दर शनिवारी आमचा वर्ग भरतो. आम्ही सात जण, सगळी वयाने मोठी माणसं, सगळ्यांना ऑटिझम. मला स्वतःला हे कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. मॅडम एक चित्र दाखवतात. त्यात एक माणूस असतो आणि त्याच्या डोक्यावर रिकामा फुगा. त्याच्या मनात काय चाललंय ते आम्ही त्या फुग्यात लिहायचं. सुरुवातीला मला याचा रागच यायचा. ज्याला जे वाटतं ते त्याने तोंडाने सांगावं की, मी का ओळखत बसू? पण आई गेल्यापासून भोईवाड्याच्या खोलीत माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं आणि माणसं माझ्यापासून लांब का जातात हे मला जाणून घ्यायचं होतं. म्हणून जात राहिले.

तोंडदेखल्या आमंत्रणाचा धडा मॅडमनी माझ्यामुळेच घेतला. झालं असं, की शाळेतली एक मैत्रीण भाजी घेताना भेटली आणि म्हणाली, "ये ना गं एकदा माझगावला, जेवायलाच ये." मी पुढच्याच रविवारी साडेबाराला तिच्या दारात. ते सगळे बारशाला निघाले होते, दाराला कुलूप लावत होते. तिने कुलूप काढलं, पोहे केले. मुलं नवे कपडे घालून, बुटांसकट सोफ्यावर बसून माझ्याकडे बघत होती. ती "अजून घे" म्हणाली म्हणून मी अजून घेतले. त्यानंतर तिने माझा फोन कधी उचलला नाही.

मॅडम म्हणाल्या, "दिवस आणि वेळ सांगितली तर ते खरं आमंत्रण. नुसतं 'या एकदा' म्हणणं ही बोलायची रीत असते. आणि आपण विचारल्यावर समोरचा 'बघू' म्हणाला, तर नाही समजायचं." मी हे वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. दुधाने तोंड पोळलं होतं, आता ताकसुद्धा फुंकून प्यायचं ठरवलं.

मी गिरगावात पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात काम करते. पानं क्रमाने लागली आहेत की नाहीत ते तपासणं माझं काम. शेजारच्या टेबलावर लालबागच्या मावशी छापील कागदांच्या घड्या घालतात. मी पानं मोठ्याने मोजते, बाकीचे त्यावर हसतात, मावशी कधी हसल्या नाहीत. दुपारी आम्ही एकत्र डबा खायचो. दिवसभरात माझं कुणाशी बोलणं व्हायचं ते तेवढंच. रविवारी तर तेही नाही.

मावशींचा गणपती दरवर्षी गावी असायचा. यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून पहिल्यांदाच लालबागच्या खोलीत आणायचं ठरलं. रजेवर जाताना त्या मला म्हणाल्या, "ह्या टायमाक आमच्या गणपतीक ये गो चेडवा."

दिवस नाही, वेळ नाही. मी मनात वही उघडली आणि मान हलवली.

शनिवारी वर्गात मी मोठ्या दिमाखात सांगितलं, "मला कामावरच्या मावशी 'घरी ये' म्हणाल्या. दिवस-वेळ सांगितली नाही, म्हणून मी गेले नाही." मॅडमनी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनाही वाजवायला लावल्या. आमंत्रण गणपतीचं होतं हे मी बोलले नाही, कारण ते कुणी विचारलंच नाही. तो गणपतीचा चौथा दिवस होता. पाच दिवसांचा गणपती, हॉलमधून निघून थेट लालबागला गेले असते तरी चाललं असतं. मी घरी जाऊन भात लावला.

सोमवारी मावशी कामावर आल्या आणि डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसल्या. मी उठून गेले आणि सरळ विचारलं, "मावशी, रागावलात?"

"रागवान काय करू? पाच दिस वाट बघलंय. बाहेर चपलांचो आवाज इलो काय दाराकडे बघी होतंय. तुझ्या वाट्याचे मोदक वायले काढून ठेवलेले, ते सुकान गेले."

"तुम्ही दिवस सांगितला नव्हता."

"गणपतीक कोण दिवस सांगता काय गो?"

मला रडू आलं. कामावर रडायचं नाही असाही एक नियम आहे, तो मोडला. आजवर मी कितीतरी फुगे भरले होते. बसची वाट बघणारा माणूस, पेन हरवलेला मुलगा, साहेबांना घाबरणारा कारकून. दाराकडे बघत बसलेल्या बाईचं चित्र दिलं असतं, तर 'पाहुणे येणार आहेत' असं मी बरोबर लिहिलं असतं. पण कुणाच्या फुग्यात मी असेन, हे मला कधी सुचलंच नव्हतं. इतक्या वर्षांत तशी वेळच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. रात्री पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मावशी, मी या रविवारी सकाळी अकरा वाजता तुमच्या घरी येऊ?"

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली. दुसरा कागद घेतला. वर बघितलं नाही.

"बघूया गो," त्या म्हणाल्या.

मला वही उघडावी लागली नाही.