डॉक्टरांच्या कोटातले आजोबा

लाँड्रीवाल्या आत्याच्या तोंडी लागायची आळीत कुणाची छाती नव्हती. इस्त्री तापायला वेळ लागे. आत्या तापलेलीच असे. त्या सकाळी ती पूर्वजांचे फोटो टांगायला दुकानाच्या दर्शनी भिंतीत खिळे ठोकत होती आणि शिडी धरून उभा असलेला तिचा धाकटा भाऊ रडकुंडीला आला होता.

"ताई, घरात लाव ना. दुकानात कशाला?"

"का? आपले आजोबा काय चोर होते?"

"चोर नव्हते गं. पण तो कोट..."

मेख तिथेच होती. या घराण्यात फोटो काढायचा तो गिऱ्हाइकाच्या कपड्यांत. धुऊन, इस्त्री करून, पोचते करण्याआधी कपडे घटकाभर अंगावर चढवायचे, कोपऱ्यावरच्या स्टुडिओत ताठ बसून यायचं, की पुन्हा इस्त्री मारून घडी. आजोबा डॉक्टरांच्या कोटात, आजी शेठाणीच्या रेशमी साडीत, चुलत आजोबा तर बँडवाल्याच्या सोनेरी गुंड्यांत. अख्खं खानदान राजेशाही. पायांतल्या झिजलेल्या चपला तेवढ्या स्वतःच्या.

जुनी गिऱ्हाइकं कपडे ओळखतील आणि पाठ फिरवतील, ही भावाची धास्ती.

"फिरवू देत," आत्या म्हणाली. "पूर्वज काय फक्त बंगलेवाल्यांनाच असतात? ज्यांच्या मनगटावर दुकान उभं राहिलं, त्यांना ट्रंकेत कोंडू?"

दुपारी नेमके डॉक्टरांचे चिरंजीव आले. चिरंजीव म्हणायचं, वय सत्तरीपुढचं. शर्टांचं गाठोडं ठेवलं, चष्मा पुसला आणि भिंतीसमोर खिळून राहिले. भाऊ चादरींच्या ढिगामागे सरकला.

"हा कोट आमच्या बाबांचा."

"कोट तुमचा, माणूस आमचा," आत्या म्हणाली. हनुवटी वर, हातात गरम इस्त्री.

म्हाताऱ्यांचे खांदे हलू लागले. रडतायत की काय, असं वाटतंय तोच त्यांना हसू आवरेनासं झालं.

"बाबा कायम कुरकुरायचे, लाँड्रीतून आला की कोट खांद्यात सैल होतो म्हणून. आई म्हणायची, कोट नाही, तुम्हीच वाळलाय. आणि ताटात दुप्पट वाढायची. बाबांचं पोट सुटलं ते तुमच्या आजोबांमुळे."

"आमचे आजोबा खांद्यांनी भक्कमच होते," आत्या म्हणाली. हसू दाबताना तिचा आवाज फाटला.

"दिसतंय ना. बाबांना कधी एवढा शोभला नाही."

ढिगामागून भाऊ बाहेर आला. माळ्यावर चढला आणि कागदात गुंडाळलेली एक फ्रेम घेऊन उतरला. त्याच्या लग्नातला फोटो. धास्तीचं खरं कारण हेच. तो त्याने आजोबांशेजारी स्वतःच्या हाताने टांगला आणि मान खाली घालून उभा राहिला.

म्हाताऱ्यांनी फोटो पाहिला. मग भावाला खालीवर पाहिलं.

"तरीच," ते म्हणाले. "तुझ्या लग्नात मीच तुझ्या पाठीवर थाप मारली होती. म्हटलं, पोराची निवड काय झकास आहे. अगदी माझ्या सुटासारखा सूट."