जमीलाचाचींचं मत

आज मतदान करून आले आणि बोटावरच्या शाईच्या वासाने आमच्या धाड गावचं मतदान केंद्र आठवलं. खूप वर्षांपूर्वी एका निवडणुकीत मी तिथे आमच्या पक्षाच्या उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून बसले होते. आमच्या शेजारच्या जमीलाचाची उन्हातून घामाने डबडबून आल्या. यादीत त्यांचं वय चुकलं होतं, म्हणून आमच्याच पक्षाच्या माणसाने हरकत घेतली.

"यांना कोणी ओळखतं का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

चाची माझ्याकडे वळल्या. "सांग ना वं बाई, तू तं मले लहानपणापासून ओळखतं."

त्यांचं मत आमच्या विरोधात जाणार, हे मला ठाऊक होतं. मी मान खाली घातली. चाची मत न देताच परतल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी चहाला हाक मारली. त्या गोष्टीबद्दल शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता वाटतं, एकदा तरी त्या माझ्याशी भांडायला हव्या होत्या.