अभिमन मास्तर आणि ‘थँक’ हे क्रियापद

अभिमन मास्तर धुळ्याच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत. ‘थँक’ हे क्रियापद आलं की मुलांकडून घोकून घेत: आधी माणूस सांगायचा, मग ‘फॉर’ लावून कशाबद्दल ते. नुसता माणूस सांगून थांबलेलं वाक्य ते अर्धवट धरत.

१९६८ साली ते हेडमास्तर झाले. सत्काराला पारोळ्याकडच्या खेड्यातून थोरला भाऊ भिकन आला. वडील गेल्यावर त्यानेच शेत सांभाळून धाकट्याला शिकवलं होतं. मास्तर इंग्रजीत बोलले आणि शेवटी भावाकडे पाहून म्हणाले, “आय थँक माय ब्रदर.” पुढचं ‘फॉर’ काही बोलवेना, म्हणून खाली बसले. भिकनने शेजारच्याला अर्थ विचारला.

“तुमचे आभार मानले,” तो म्हणाला.

भिकन चहालाही न थांबता एस.टी. गाठून गावी गेला.

आभार परक्याचे मानायचे, ही खानदेशातली रीत. घरच्याचे मानले की नातं तुटल्यासारखं होतं. मास्तरांना हे ठाऊक होतं; भाषणाच्या भरात ध्यानात राहिलं नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. पितरांची घागर दोघे भाऊ मिळून भरत. दरसाल भिकनचा निरोप यायचा, यंदा आला नाही. त्याने एकट्याने घागर भरली, तर आपण त्या घराचे राहिलो नाही, एवढं मास्तरांना कळत होतं. ते न बोलावता गेले.

भिकनने ओट्यावर सतरंजी टाकली. “या सर, बसा. गरिबाकडे आलात, आभारी शे.”

“भाऊ, असं नको ना.”

“का बरं? तुमनीच शिकवण शे.” मग आत बायकोला हाक गेली, “कमल, सरले चहा कपबशीमा दे. हेडमास्तर शेतस.”

मास्तरांनी चाचरत सांगितलं, की तो शब्द मुळात आभाराचा नाही. जुन्या इंग्रजीत त्याचं नातं विचार करण्याशी होतं; कुणाला तरी मनात ठेवणं, असा काहीसा अर्थ. दुकानदाराला, पोस्टमनला म्हणायची चाल नंतर पडली.

“मग मनमा काय ठेवेल व्हतं?” भिकनने विचारलं.

मास्तर म्हणाले, “बाबा गेल्यावर गुरुजी तुला शाळेत परत न्यायला आले होते. तू मोटेवरून उतरलाही नाहीस. म्हणालास, मला शाळा आवडत नाही. ते खोटं होतं, भाऊ. मला तेव्हाच कळलं होतं.”

भिकनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “हाई भाषणमा नही बोलना?”

“लोकांसमोर कसं बोलू?”

“बरं झालं नही बोलना.” तो उठला, आतून कोरी घागर घेऊन आला. “अभ्या, धर. दोन्ही हातंघाई धर, फुटी जाई.”