न थांबवलेलं घड्याळ

आमच्या घरी संध्याकाळी शुभंकरोतीऐवजी पत्रकं वाचली जायची. बाबा सांगलीच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, तेव्हा त्यांनी स्वतः खिळे जुळवून छापलेली. पाणीवाटपावरची, हुंड्याविरुद्धची, फीवाढीविरुद्धची. आखातात येताना आईने लोणच्याची बरणी आणली आणि बाबांनी पत्रकांचा गठ्ठा. अजमानमधल्या आमच्या दोन खोल्यांत तो कपाटावरच्या सूटकेसमध्ये असायचा. खिडकी लावून बाबा एकेक काढायचे आणि मला मोठ्याने वाचायला लावायचे. धाकटा भाऊ ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बोअरिंग, बाबा." दिवसभर बाबा एका प्रेसमध्ये सुपरमार्केटच्या ऑफरचे कागद जुळवत. फ्रोझन चिकन, बासमती, डिटर्जंट. त्यांच्या आयुष्यातला हा विनोद त्यांनी स्वतः कधीच केला नाही.

एका पत्रकातलं वाक्य मला दहाव्या वर्षापासून पाठ होतं: अर्धा आकडा हा पुरा खोटा असतो.

कॉलेजात गेल्यावर मला बास्केटबॉलच्या स्कोअरटेबलावर बसवलं, कारण मुलींची टीम नव्हती आणि माझं अक्षर चांगलं होतं. शारजातलं आमचं कॉलेज छोटं होतं, पण हॉल नवा होता, एसीचा, भिंतीवर लाल आकड्यांचं इलेक्ट्रॉनिक घड्याळ. शिट्टी वाजली की घड्याळ थांबायचं, बॉल खेळात आला की पुन्हा सुरू व्हायचं. माझं काम गुण आणि फाउल लिहिणं एवढंच. पण मी स्वतःच्या वहीत आणखी एक रकाना पाडला होता. कोण किती मिनिटं मैदानावर होता.

तो रकाना एका मुलासाठी होता. तो खोर फक्कानहून यायचा. वडील तिथल्या बंदरात क्रेनचे मेकॅनिक, मूळ कुडाळकडचे. कॉलेजची बस खोर फक्कानला जात नसे, म्हणून भाजी आणणाऱ्या ओळखीच्या पिकअपमध्ये बसून डोंगर ओलांडून तो यायचा. यायला सव्वादोन तास, जायला सव्वादोन तास. सकाळच्या प्रॅक्टिसला पोचणं त्याला शक्यच नव्हतं. कोचसरांचा नियम होता: प्रॅक्टिस नाही, तर सुरुवातीच्या पाचांत नाही. त्यामुळे तो बेंचवर बसायचा आणि मॅचमध्ये दहा-एक मिनिटं उतरायचा. त्या दहा मिनिटांत सात गुण करायचा, कधी आठ. कॅप्टन पस्तीस मिनिटं खेळून पंधरा-सोळा करायचा आणि त्याचा फोटो नोटीस बोर्डावर लागायचा.

"हा अन्याय आहे," मी त्याला म्हणाले.

"नाही गं. हा पिकअप आहे," तो म्हणाला.

तो मला लीडर म्हणायचा. माझं भाषण सुरू झालं की हात जोडून म्हणायचा, "लीडर, आधी चहा प्या, मग क्रांती."

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा त्याच्या वडिलांचा पगार कापला गेला. तिसऱ्या वर्षाची फी भरणं होणार नव्हतं. तिथला नियम सगळ्यांना माहीत होता: मुलगा अठरा पूर्ण झाला की बापाच्या व्हिसावर राहायचं तर तो शिकत असला पाहिजे. शिक्षण सुटलं की व्हिसा खलास. त्याला एकट्याला कुडाळला काकांकडे जावं लागणार होतं, जिथे तो आयुष्यात दोनदा गेला होता. त्याचा जन्म खोर फक्कानचा. आईवडील, घर, समुद्र, सगळं इथेच.

एकच वाट होती. कॉलेजचा एक जुना विद्यार्थी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॉलेजच्या टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू, आता शिपिंग एजन्सीचा मालक झाला होता. त्याने एका खेळाडूची पूर्ण फी माफ करण्याची योजना काढली होती. अट एकच, स्वतःच्या हाताने लिहिलेली: खेळाडू आमच्या काळच्या तोडीचा हवा. अर्जासोबत पुरावा द्यायचा.

सगळे धरून चालले होते की माफी कॅप्टनला मिळणार. त्याच्या वडिलांची दोन दुकानं होती, पण एकूण गुणांत तोच पहिला होता. मी पेटले. मिनिटं वाटणारे हेच, आणि एकूण गुण मोजून मोठेपण ठरवणारेही हेच. ज्याला ताटात कमी वाढलं त्यालाच विचारायचं, तू कमी का जेवलास? मी त्या मुलाला म्हणाले, अर्ज तू कर, पुरावा मी देते.

खेळाच्या खोलीत जुन्या स्कोअरशीटची फाइल होती. पिवळे पडलेले कागद, कुणाच्या तरी सुंदर तिरक्या अक्षरात भरलेले. त्या काळी टीममध्ये जेमतेम सहा-सात मुलं, त्यामुळे मुख्य पाचही जण पूर्ण चाळीस मिनिटं खेळायचे, तसं कागदावर लिहिलेलंच होतं. शिपिंगवाल्या साहेबांची सरासरी काढली: चाळीस मिनिटांत बावीस गुण. मग माझ्या वहीतून आमच्या मुलाची काढली: दहा मिनिटांना सात, म्हणजे चाळीसला अठ्ठावीस. मी तीनदा पडताळलं. अठ्ठावीस. पट्टी घेऊन तक्ता आखला, खाली ठळक अक्षरात लिहिलं की माणसाची तुलना त्याला मिळालेल्या वेळाशी करावी, आणि अर्ज दिला.

प्राचार्यांनी तक्ता पाहून मला बोलावलं. "व्हेरी सायंटिफिक," ते म्हणाले. "बुधवारी साहेब येणार आहेत. तू पण ये, एक्सप्लेन कर. मला वाटतं, होऊन जाईल."

त्या संध्याकाळी त्या मुलाने कँटीनमध्ये मला दोन समोसे घेऊन दिले. म्हणाला, "आईला अजून सांगितलं नाही. ती लगेच सगळ्या बंदराला सांगेल."

मंगळवारी मी मैदानकाकांकडे गेले. हॉलची झाडलोट आणि बॉलमध्ये हवा भरणं हे त्यांचं काम. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे, वीस वर्षं शारजात एकटे राहिलेले. मला हवं होतं कौतुक. जुन्या काळचा एकमेव साक्षीदार, त्याने म्हणावं की हो, हा पोरगा त्या सगळ्यांपेक्षा भारी. म्हणून मी त्यांना तक्ता वाचून दाखवला.

काकांनी ऐकलं. मग हसले. "चाळीस मिनिटं म्हणतेस तू. कुठल्या घड्याळाची?"

"म्हणजे?"

"अगो, तेव्हा हॉल कुठे होता? बाहेर सिमेंटचं कोर्ट, पलीकडे मशीद. दिवे नाहीत. सूर्य बुडाला की मगरिबची अजान, त्याच्या आत मॅच संपवायची. अर्धी पोरं नमाजाला जायची, मीसुद्धा. टाइम मीच धरायचो. माझं हातातलं घड्याळ. शिट्टी झाली, बॉल नाल्यात गेला, कुणी पाणी प्यायला, घड्याळ थांबवायचं कुणी? चालूच. चाळीस झाली की यल्ला, चला घरी."

"आणि शीटवर?"

"शीटवर चाळीसच लिहायचं. खेळ चाळीस मिनिटांचाच असतो ना?" ते म्हणाले. ते तिरकं सुंदर अक्षर त्यांचंच होतं.

 मी लॅबमधून स्टॉपवॉच आणलं. हॉलमध्ये दुपारचा सराव सामना सुरू होत होता. स्टॉपवॉच सुरू केलं आणि थांबवलं नाही, मधली सुट्टी तेवढी वगळली. भिंतीवरच्या घड्याळात चाळीस मिनिटं खेळ झाला तेव्हा माझ्या हातात सदुसष्ट होती. म्हणजे काकांच्या चाळीस मिनिटांत खरा खेळ चोवीस मिनिटांचा. चोवीस मिनिटांत बावीस गुण. चाळीसला छत्तीसच्या पुढे.

छत्तीस आणि अठ्ठावीस.

सराव संपल्यावर मी त्याला बाहेर बोलावून सांगितलं. त्याला गणित लगेच कळलं, तो माझ्यापेक्षा हुशार होता.

"हे काकांना माहीत आहे आणि तुला," तो म्हणाला. "काका काही सांगायला जाणार नाहीत."

"नाही."

"मग?"

मी हातातलं स्टॉपवॉच शून्यावर आणलं.

"लीडर," तो म्हणाला, आणि या वेळी हात जोडले नाहीत, "तू सांगणार आहेस ना?"

"मला खोटा कागद हातात धरून बोलता येणार नाही."

"तो खोटा नाही. तुला कळलं नव्हतं तोपर्यंत खरा होता."

"आता कळलंय."

तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसला. मग म्हणाला, "पिकअप निघेल माझा."

बुधवारी साहेब आले. पोट सुटलेलं, हातात दोन मोबाइल, पण खांदे अजून खेळाडूचे. तो मुलगा दाराजवळच्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. साहेबांच्या समोर तक्ता होता आणि खिशातून पेन बाहेर आलेलं होतं. त्यांनी सही करायला सुरुवातच केली असती. मी म्हणाले, "सर, देअर इज अ करेक्शन." आणि अजान, मशीद, हातातलं घड्याळ, सदुसष्ट मिनिटं, सगळं सांगितलं. आवाज जराही कापला नाही. मला आठवतं, बोलताना मला बरं वाटत होतं. हे लिहिताना सगळ्यात जास्त तेच बोचतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मतलब मैं छत्तीस?"

"जी सर."

"छत्तीस!" ते प्राचार्यांकडे वळून हसले. "सुना आपने? मुझे तो मालूम ही नहीं था. अरे, वो धूप में!" मग त्यांनी विचारलं की दुरुस्त केलेला तक्ता नीट लिहून मिळेल का, ऑफिसात फ्रेम करून लावायचाय. बाकीच्या खेळाडूंचीही तुलना माझ्या पद्धतीने करा म्हणाले. मी तिथेच केली. कॅप्टन अठराच्या आत आला. त्यांच्या तोडीचं कुणीच नव्हतं. "तो फिर इस साल कोई नहीं," ते म्हणाले. दुःखाने नव्हे. अट ती अट. मुलाच्या पाठीवर त्यांनी थाप मारली, "कीप प्लेइंग, बेटा," आणि फोन घेत निघून गेले.

मी मध्ये पडले नसते तर कॅप्टनला मिळाली असती ती माफीही गेली. कुणालाच काही मिळालं नाही. तरी माझी पद्धत निर्दोष ठरली.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. वाटलं होतं, ते सूटकेस खाली काढतील. ते जेवत होते. घास तसाच हातात ठेवून त्यांनी सगळं ऐकलं.

"मी असतो तर गप्प बसलो असतो," ते म्हणाले.

"बाबा, तुम्हीच तर..."

"ते सांगलीत. इथे आल्यापासून मी एक तरी पत्रक कुणाला दिलंय का? दाराबाहेर नेलंय का?" त्यांनी कपाटाकडे पाहिलंही नाही. "व्हिसा होता ना माझा. तुझा, आईचा, सगळ्यांचा. त्याचाही होता."

त्या रात्रीनंतर आमच्याकडे पत्रकवाचन झालं नाही. कुणी बंद केलं असं नाही. कुणी सुरू केलं नाही.

मी नंतर त्या आकड्यांवर खूप विचार केला. काकांचं घड्याळ दुरुस्त केलं, ठीक. पण त्या काळी साहेबांसमोर कोण खेळायचं? ऑफिस सुटल्यावर आलेली दमलेली क्लबची माणसं. आमच्या मुलासमोर रोज सराव करणाऱ्या टीम. ते लक्षात घेतलं असतं तर छत्तीस खाली आले असते. किती, ते मला माहीत नाही, कुणालाच काढता येणार नाही. आणि उलट, ते उन्हात खेळायचे, हा एसीत. आणि याची दहा मिनिटं बहुतेक शेवटची, समोरचे थकलेले असताना. प्रत्येक दुरुस्तीमागे आणखी एक दुरुस्ती उभी होती. तळ नव्हताच. मी पहिल्या पायरीवर थांबले, कारण तिथे उभं राहून मी प्रामाणिक दिसत होते. अर्धा आकडा पुरा खोटा असतो, तर मी त्या दिवशी जे सांगितलं ते काय होतं?

परीक्षा झाली, निकाल लागला, नव्या वर्षाच्या फीची तारीख गेली. व्हिसा रद्द व्हायला फार दिवस लागले नाहीत. तिकीट काढून झाल्यावर तो लॉकरची चावी परत द्यायला कॉलेजात आला. भर दुपार होती, हॉल रिकामा, घड्याळ बंद. काका बॉलमध्ये हवा भरत होते, त्यांनी त्याच्याकडे एक टाकला. त्याने दोन-चार शॉट मारले. सगळे बास्केटमध्ये गेले.

मी स्कोअरटेबलावर बसले होते. मला सॉरी म्हणायचं होतं, पण कशाबद्दल, ते नेमकं सांगता येईना, आणि नेमकं सांगता न येणारं काही बोलायची मला सवय नव्हती.

तोच जवळ आला. "वही आहे?"

"आहे."

"माझी एकूण मिनिटं किती झाली? दोन वर्षांची."

मी बेरीज केली. त्याच्यासमोर, एकेक मॅच बोटाने दाखवत. "एकशे चाळीस."

"म्हणजे?"

"दोन तास वीस मिनिटं."

"भिंतीवरच्या घड्याळाची?"

"हो. थांबवलेल्या."

तो थोडा हसला. "पिकअपने घरून इथे येईपर्यंत एवढीच होतात," तो म्हणाला. चावी टेबलावर ठेवली. काकांना सलाम केला आणि दाराबाहेर गेला. पिकअप इंजिन चालू ठेवून थांबलेला होता.