उलटा तीन आणि पाच

राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन आलं ते माझ्या आईसाठी. तसं मी कुणाला सांगितलं नव्हतं. मिस्टरांना सांगितलं की बँकेतून आल्यावर कपड्यांना वेळ उरत नाही. आईला सांगितलं की हल्ली सगळ्यांकडे असतं. खरं कारण तिचे हात होते.

आई चंदगड तालुक्यातली. वडील गेल्यावर ती गावी माझ्या भावाजवळ राहायची आणि पूर्वीसारखीच काजू फोडायला जायची. काजूच्या टरफलातलं तेल बोटांना लागलं की कातडी जळते. बायका राख लावून बसतात, तरी बोटं काळी पडतात आणि नंतर त्यांची सालं निघतात. मी शाळेत होते तेव्हापासून तिची बोटं अशीच. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. पदवीच्या दिवशी काढलेला आमचा दोघींचा फोटो आहे. त्यात मी काळा डगला घालून उभी आहे आणि आईने दोन्ही हात पदराखाली घेतले आहेत.

काजूचं काम संपलं आणि भाताची लावणी अजून लांब असली, की मधल्या दिवसांत ती माझ्याकडे यायची. आल्या आल्या विचारायची, कापडं कुठं हायत. मी नको म्हणेपर्यंत बादली भरलेली असायची. पोरगा असताना लेकीकडे जाऊन राहणं तिला बरं दिसत नव्हतं, आणि घर लेकीचं असलं तरी ते जावयाचं. जावयाला आमच्याकडे पावणं म्हणतात. माझ्या मिस्टरांशी ती स्वयंपाकघराच्या दाराआडूनच बोलायची. ती जे चार दिवस राहायची, ते धुणं धुऊन राहायची. हे मला फार उशिरा कळलं. मला तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की सोड्याच्या पाण्यात तिची बोटं आणखी फाटताहेत, आणि ती आणखी थोडी राहावी असं मला वाटत होतं.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझ्याकडे मोबाइल आला होता, आईकडे नव्हता. मशीन बसवायला माणूस आला तेव्हा ती स्टुलावर बसून सगळं बघत होती. मी तिला शिकवलं: कपडे आत टाकायचे, दार दाबून लावायचं, पावडर या खणात. सुरू करायच्या बटणावर मी माझी लाल टिकली चिकटवली.

"लाल टिकली दाबायची. एवढंच."

"आन मग मी काय करू?"

"बस निवांत."

ती बसली. पण तिचं बसणं म्हणजे एसटीची वाट बघत बसल्यासारखं. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "जातो आता गावाकडं. भाऊ एकटा पडलाय."

आमच्याकडच्या बायका 'जातो', 'येतो' असंच बोलतात. बँकेत मी सावरून 'जाते' म्हणायला शिकले होते, आईशी बोलताना मात्र आपोआप 'येतो' यायचं.

भाऊ एकटा पडलेला नव्हता, त्याला बायको होती, दोन मुलं होती. पण नेमकं त्याच वेळी मला प्रशिक्षणासाठी पुण्याला जायचं होतं. मिस्टरांची नोकरी रत्नागिरीला, ते सवडीने शनिवारी यायचे. घराला कुलूप नको, म्हणून आई थांबायला कबूल झाली. "तू आलीस की जाणार," एवढं बजावून.

पुण्यातून मी रोज संध्याकाळी घरी फोन करायचे. आईला फोन लावता यायचा नाही, घेता यायचा. एके दिवशी पहिल्याच घंटेला तिने उचलला.

"मशीन बिगडलं बाई. म्या काय केलं न्हाय. टिकली दाबली, जरा वेळ गप बसलं, आन मग वरडाय लागलं."

"बंद केलंस?"

"व्हय. वायर उपसून टाकली. पावण्यांस्नी सांगू नगोस."

"त्यांना कशाला सांगू? परत सुरू कर आणि थांब. त्या काचेच्या पट्टीवर काय दिसतंय ते बघून ये."

आमचा फोन हॉलमध्ये, मशीन मागच्या बाल्कनीत. तिने रिसीव्हर टेबलावर ठेवला. मला तिच्या चपलांचा आवाज लांब जाताना आला, मग बराच वेळ शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येत राहिला, मग मशीनची बारीक पिकपिक, मग चपला परत.

"आकडं हायती. आधी पाच. त्येच्या फुडं तीन, पर उलटा."

"उलटा म्हणजे गं?"

"उलटा म्हंजे उलटा. तीनाचं त्वांड हिकडं अस्तंय, ह्याचं तिकडं हाय. एवढी शिकलीस आन उलटा कळंना व्हय तुला?"

मी कागदावर ३ काढला, मग उलटा काढला. इंग्रजी ई. मी स्वतःवर खूश झाले. पाच आणि ई. पाचाबद्दल शंका यायचं काही कारणच नव्हतं.

कंपनीच्या नंबरवर फोन लावला. तिथल्या मुलीने सांगितलं की पाच आकडा म्हणजे मशीनमधलं पाणी बाहेर जात नाही. खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्याच्या आत जाळी असते, ती काढून साफ करा, आधी खाली परात ठेवा कारण बरंच पाणी येईल. मी पुन्हा घरी फोन लावून आईला तसंच्या तसं सांगितलं. ती गेली. आली.

"उघडलं. वाटीभर पाणी आलं. बास."

"वाटीभर कसं? बादलीभर यायला पाहिजे. पाणी अडलंय म्हणून तर बंद पडलंय."

"आतच न्हाई तर भाईर कुठनं येणार? तू ये आन काढ बादलीभर."

"जाळीत काही अडकलंय का?"

"कायबी न्हाय. सोच्छ हाय, नवी नवरी."

आम्ही दोघी हसलो. पण फोन ठेवायच्या आधी तिचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या हातनं बिगडलं बघ. असल्या वस्तू माझ्या हाताच्या न्हाईत." मी पुष्कळ समजावलं. कंपनीच्या मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं की जाळी साफ असेल तर पंप गेला असणार आणि आमच्या भागात माणूस पुढच्या आठवड्यात येईल. ते मी आईला सांगायला नको होतं. पंप गेला, हे शब्द तिच्या मनात बसले. त्यानंतरच्या प्रत्येक फोनमध्ये ती विचारायची, आला का गं पंपाचा माणूस.

शनिवारी संध्याकाळी मी कोल्हापुरात उतरले. मिस्टर त्या आठवड्यात येणार नव्हते. दार उघडलं तर हॉलमध्ये दोरी बांधलेली, तिच्यावर चादरी, पडदे, माझे जुने ड्रेस, कपाटातले न वापरलेले टॉवेलसुद्धा. तिने घरातलं सगळं कापड हाताने धुऊन काढलं होतं. दाराशी तिची पिशवी भरून ठेवलेली, वरून छत्री खोचलेली.

"सकाळच्या गाडीनं जातो," ती म्हणाली. "चहा टाकलाय तुझा."

तिच्या बोटांना नव्या भेगा होत्या. मी चहा घेतला नाही. तशीच बाल्कनीत गेले, वायर जोडली, टिकली दाबली. मशीन गुरगुरल्यासारखं झालं, मग नुसतंच थांबून राहिलं. आई माझ्यामागे दारात उभी. काही मिनिटांनी पिकपिक सुरू झाली आणि काचेच्या पट्टीवर लाल आकडा उमटला.

"बघ," आई म्हणाली. "पाच."

तो चार होता. इंग्रजी चार, मशीनवरच्या त्या सरळ सरळ लाल काड्यांनी काढलेला, वरून उघडा. मी बोलायला तोंड उघडलं आणि थांबले, कारण तिच्या बोटाच्या रेषेत बघितल्यावर मलाही तो पाचच दिसला. मराठी पाच. डावीकडे छोटी काडी, मधे आडवी, उजवीकडे खाली जाणारी लांब काडी. पाटीवर काढतात तसा.

आणि तो पाटीवर तिला मीच काढून दाखवला होता. नव्वदीच्या सुरुवातीला गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले, आमच्या वस्तीत तो बुद्धविहारात भरायचा. शिकवायला शाळेतली मोठी मुलं-मुली. माझ्या वाट्याला ज्या बायका आल्या त्यांत माझी आई होती. कामावरून आलेल्या बायका दिवसभराच्या थकव्याने पेंगायच्या आणि एकमेकींच्या पाटीवर बघून हसायच्या. आईचा पाच नेहमी मागे कलंडायचा. मी म्हणायचे, आई, त्याचा पाय सरळ खाली येऊ दे. तो तिने इतका घटवला की नंतर वस्तीत कुणाचा पाच चुकला की ती दुरुस्त करायची. इंग्रजी आकडे पुढच्या पुस्तकात होते. त्या पुस्तकाआधी माझा बारावीचा निकाल लागला आणि मी कोल्हापूरला कॉलेजला आले. वर्ग पुढे काही महिने चालला म्हणे. एसटीवरची पाटी मराठीत, रेशनकार्ड मराठीत, नोटा रंगावरून कळतात. इंग्रजी आकड्यांवाचून तिचं कुठे अडलं नाही. मी मात्र त्या आकड्यांच्या पलीकडे निघून आले होते आणि मला वाटत होतं की आम्ही एकाच ठिकाणी आहोत.

मशीनबरोबर आलेलं पुस्तक मी काढलं. चार म्हणजे मशीनला पाणी मिळत नाही. मी मशीनच्या मागे वाकून बघितलं.

"आई, हा नळ कुणी बंद केला?"

"मीच. टिपकत हुता. उगडा सोडू व्हय रातभर?"

मी नळ फिरवला. मशीनमध्ये पाणी सुरू झाल्याचा आवाज आला. आई पुढे आली, कान देऊन ऐकलं.

"म्हंजे बिगडलं न्हवतं?"

"नाही. तहान लागली होती त्याला."

"आन पंप?"

"पंपाला काही झालेलं नाही. तुझ्या हातनं काही बिघडलं नाही. तो आकडा चार आहे, इंग्रजी. मला आधी कळायला पाहिजे होतं."

ती त्या लाल पट्टीकडे बघत राहिली, आता तिथे वेळेचे आकडे दिसत होते. मग पदराने तोंड पुसून हसली, लहान मुलीसारखी. मला वाटलं, झालं. आता ही राहील.

"लई बरं झालं," ती म्हणाली. "आता सुखानं जातो. मनाला लागून ऱ्हायलं असतं."

मी चहा गरम करून आणला. आम्ही बाल्कनीच्या उंबऱ्याशी बसलो. इतकी वर्षं ती यायची आणि जायची, पण राहा असं मी तिला कधी म्हटलं नव्हतं. काहीतरी निमित्त सांगायचे. हे मशीनही निमित्तच होतं, आणि त्याने उलटंच केलं होतं. तिच्या हातातलं काम काढून घेतलं, आणि कामाबरोबर तिचं या घरात बसायचं पाट-पाणीच काढून घेतलं.

"राहा की," मी म्हटलं.

"कशापायी? तुजं काय आडलंय?"

मी विचार केला. खरंच काही अडलेलं नव्हतं. माझं काही अडू नये म्हणूनच तर ती एवढी वर्षं काजू फोडत आली होती. नोकरी होती, घर होतं, आता कपडेही आपोआप धुतले जात होते.

"काही नाही अडलं. तू असलीस की मला आवडतं."

"आवडतं म्हणून कोण ऱ्हातंय व्हय?"

ती चेष्टेने बोलली नाही. तिला खरंच विचारायचं होतं. तिने आठवून बघितलं असणार. ती माहेरी बाळंतपणाला राहिली होती, दुसऱ्याच्या रानात कामाला राहिली होती, वडिलांच्या दुखण्यात सरकारी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात राहिली होती. आवडतं म्हणून कुठे राहिली नव्हती. मी चहाचा घोट घेतला. बोलले असते तर रडले असते, आणि मग ती माझ्या रडण्यासाठी राहिली असती. तसं मला नको होतं.

चहा संपवून ती उठली, हॉलमध्ये गेली, आणि पिशवीतून छत्री काढून खिळ्याला अडकवली.

"सोमवारी जातो," आतून म्हणाली.

म्हटल्याप्रमाणे ती सोमवारी गेली. नंतरही वर्षाला यायची, चार दिवस म्हणजे चारच दिवस. लांबलचक राहायला ती कधीच आली नाही, आणि आता तर तो प्रश्नच उरला नाही. माझं घर पुढे बदललं, मोठं झालं. तिच्यासाठी एक खोली धरून घेतलेलं घर आहे हे.

पण त्या सोमवारच्या आधी मधला तो एक रविवार होता. धुवायला काही शिल्लक नव्हतं, सगळं तिनेच धुऊन ठेवलेलं. तरी मी पलंगावरची चादर ओढून काढली आणि मशीनमध्ये टाकली. तिने नळ उघडा आहे का ते वाकून बघितलं आणि टिकली दाबली. मग ती स्टुलावर बसली, मी खाली तिच्या पायाशी, आणि दोघी गोल काचेतून आत फिरणाऱ्या चादरीकडे बघत राहिलो. तिचा हात माझ्या खांद्यावर होता. खरखरीत, ब्लाउजच्या कापडात अडकणारा. आम्ही दोघी याआधी कधी काही न करता अशा बसलो होतो का, मला आठवत नाही.

थोड्या वेळाने मशीनचा आवाज बदलला, मोठा झाला.

"आता काय कराय लागलंय ते?"

"पिळतंय."

"करू दे," आई म्हणाली, आणि तिने हात उचलला नाही.