चालू करवतीवरचा राम राम

"मशीनने भोग लई लीधो, आप्पा. आता वरसभर बेफिकर."

मशीनने आपला भोग घेतला, असं अर्ध्या गुजरातीत सांगून मिस्त्री माझ्या वडिलांना धीर देत होते आणि मी केबिनच्या दारात उभी राहून ऐकत होते. आप्पा लाकडाच्या ठोकळ्यावर बसले होते. डाव्या अंगठ्याभोवती माझाच रुमाल गुंडाळलेला होता आणि तो भिजत चालला होता. गोल करवतीचं बटण बंद केलं होतं, तरी पातं अजून सावकाश फिरत होतं. तिच्याकडे कुणी रागाने पाहिलं नाही. उलट मिस्त्रींनी करवतीच्या टेबलाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्या त्या हाताची तर्जनी अर्धीच होती. स्वतःला ते 'साडेनऊ' म्हणवून घेत. "मी एकदा दिलं, मग पुन्हा तिने मागितलं नाही," असं ते सांगत, आणि नव्या माणसाला ते अगदी पटायचं.

सुरतेत पर्वत पाटियाजवळ आमची ही शेड होती. कापडाच्या दुकानांसाठी रॅक आणि काउंटर बनवायचं काम चाले. आप्पा खानदेशातून आले ते लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, कामाला. लाकडाचा धंदा नंतरचा. नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी कॉलेजला होते, आणि दुपारी शेडच्या कोपऱ्यातल्या केबिनमध्ये बसायचे, कारण करवतीच्या आवाजात बाहेर कुणालाच फोन ऐकू येत नसे. केबिनला काच होती. फोन फार येत नसत. त्यामुळे मी बराच वेळ काचेतून बघत बसे.

बघून बघून मला करवतीचा आवाज कळू लागला होता. मोकळी फिरते तेव्हा एक सूर, लाकूड आत शिरलं की तो जाड होतो, आणि लाकूड पात्याला चिमटलं की मधेच दबतो, खोकला दाबावा तसा. त्या दुपारी तो दबलेला आवाज येण्याआधी काय झालं, ते फक्त मी पाहिलं होतं. आप्पा फळी पुढे सरकवत होते. डावा हात फळीवर, उजव्या हातात ढकलायची काठी. तेवढ्यात प्लायवूडवाल्याचा माणूस दारात आला आणि म्हणाला, "राम राम, आप्पा!" आप्पांनी मान वळवली, हसले, आणि उजवा हात काठीसकट कपाळाकडे नेला. मागचा जोर सुटला, फळी तिरकी झाली, पात्याने ती उचलून मागे फेकली आणि डावा हात पुढे ओढला गेला.

डॉक्टरांच्या बाकावर आमच्याआधी एक लूमवाला हात गुंडाळून बसला होता. आम्हाला पाहून डॉक्टरांनी गुजरातीत विचारलं, "लूम के कटर?" चहा की कॉफी विचारावं तसं.

"कटर," आप्पा म्हणाले.

"कसं झालं?"

"लाकडात गाठ होती."

ती फळी मी पाहिली होती. सरळ रेषांची, स्वच्छ फळी होती. पण आप्पा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. अंगठा वाचला. टाके पडले, नखाचा एक कोपरा कायमचा गेला. घरी, डिंडोलीला, आईने मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. तिच्या मते शेजारणीची दृष्ट लागली होती. नवीन रॅकचं मोठं काम मिळालं ते तिने शेजारणीला सांगायला नको होतं. म्हणजे एका अंगठ्यामागे भोग होता, गाठ होती आणि दृष्ट होती. राम राम कुणाच्या डोक्यातही आला नाही.

मला सांगता आलं असतं. नाही सांगितलं, आणि त्याला कारण होतं. मी कुणाला राम राम करत नाही, ही आमच्या घरातली जुनी तक्रार होती. घरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जायचे. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की बॅगेची चेन उघडून काहीतरी शोधायचे. "इंग्लिश मीडियमची ना ती, मान वर करत नाही," असं गल्लीत म्हणत. शाळेत मला हे कधी जड गेलं नव्हतं. तिथे बाई वर्गात आल्या की सगळ्यांनी उभं राहून एका सुरात 'गुड आफ्टरनून' म्हणायचं असे. पन्नास जणींच्या आवाजात आपला आवाज घालणं सोपं असतं. एकटीने, मान वर करून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणणं वेगळं. आता मीच जाऊन सांगायचं की आप्पांचा अंगठा राम राममुळे कापला? लोक हसले असते. आईने तर हातच जोडले असते.

आप्पा पुन्हा कामाला लागले तेव्हा त्यांनी बऱ्याच गोष्टी सुधारल्या. पात्यावरचं झाकण खिळ्याला टांगलेलं असायचं, ते परत बसवायला लावलं. "रेघ दिसत नाही," म्हणून मिस्त्री कुरकुरले, तरी बसवलं. ढकलायची काठी लांब केली, तिच्या टोकाला खाच पाडली. बाह्या कोपरापर्यंत, घड्याळ काढून खिशात. मी शेडमधून चालत गेले तरी ते दुरून ओढणी खोचायची खूण करत. वस्तूंच्या बाबतीत इतका सावध माणूस मी पाहिला नाही. पण दारातून कुणी "राम राम" म्हटलं, "जय श्री कृष्ण" म्हटलं, की लाकूड पात्यात असो वा नसो, त्यांचा हात वर जायचाच. आल्या माणसाचा नमस्कार न घेणं म्हणजे माज, असं त्यांच्या गावात शिकवलं होतं. लूमवर कितीही हाल झाले तरी तेवढी एक गोष्ट त्यांनी सुटू दिली नव्हती.

काचेआड बसून मी तो हात वर जाताना बघायचे आणि माझी बोटं आपोआप मुठीत जायची.

मग मी एक उपाय काढला. केबिनमधलं स्टूल दाराबाहेर सावलीत नेऊन ठेवलं, शेजारी पाण्याचा जग. कुणी येताना दिसलं की आधी बाहेर जायचं, न बोलता स्टूल दाखवायचं आणि पेला पुढे करायचा. लोक बसत. करवत थांबली की मी मान हलवायचे, मग ते आत जात. काही दिवसांनी आईच्या कानावर गेलं की मुलगी आल्यागेल्याला पाणी विचारते. तिला इतका आनंद झाला की तिने माझ्यासाठी शिरा केला. मी तो सगळा खाल्ला.

त्या स्टुलावर नाना बसणार नव्हते, हे मला आधीच कळायला हवं होतं.

नाना आप्पांच्या गावचे. त्यांनीच आप्पांना सुरतेत आणलं, स्वतःच्या एका खोलीत ठेवून घेतलं, लूम चालवायला शिकवलं. आप्पा त्यांच्यासमोर अजून खुर्चीवर बसत नसत. आयुष्य लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे नानांना कमी ऐकू यायचं आणि ते बोलायचे मोठ्याने. त्यांचा राम राम करवतीच्या आवाजाला कापत जायचा. अंगठ्याची बातमी त्यांना उशिरा कळली होती, म्हणून एका दुपारी ते मुद्दाम बघायला आले.

आप्पा बारीक पट्ट्या कापत होते. झाकणाखालून काठीही जात नाही अशा अरुंद पट्ट्या. त्यामुळे झाकण वर उचललेलं होतं. मी फोनवर होते. काचेतून दिसलं तेव्हा नाना स्टूल ओलांडून उंबऱ्यावर पोचले होते. त्यांनी टोपी नीट केली, छाती भरून श्वास घेतला आणि हात उचलला.

फोन मी टेबलावर तसाच टाकला. ओढणी खोचायचंही भान राहिलं नाही. मी त्यांच्या समोर गेले, एका हाताने त्यांची बाही धरली आणि दुसरा तळवा त्यांच्या तोंडापुढे उभा केला. नानांचं तोंड उघडं राहिलं. माझ्या पाठीमागे करवतीचा सूर जाड होता. तो पुढे, पुढे, सरळ गेला, मोकळा झाला, पट्टी खाली पडल्याचा आवाज आला. बटण बंद झालं. पातं पूर्ण थांबेपर्यंत मी बाही सोडली नाही.

"काय रे भो," नाना अहिराणीत आप्पांना म्हणाले, "तुनी पोर मुकी शे का? बाही धरस, पन राम राम नही करस!"

"बेनने नानांना अटक केली," मिस्त्री हसले.

आप्पा घाईने पुढे आले. हात जोडलेले, चेहरा ओशाळलेला. "जाऊ द्या नाना, पोर लाजाळू शे." मग मला हळूच म्हणाले, "माय, पाया पड."

मी वाकले, नानांच्या पायांना हात लावला, उभी राहिले. टेबलावर फोनमधून कुणीतरी अजून "हॅलो, हॅलो" करत होतं. एरवी मी तेवढं कारण घेऊन आत पळाले असते.

नानांनी आप्पांचा डावा हात आपल्या हातात घेतला, अंगठा उजेडाकडे वळवला. नखाच्या तुटक्या कोपऱ्यावरून त्यांचं बोट फिरलं. इतका वेळ मोठा असलेला त्यांचा आवाज खाली आला.

"हाई कसं जयं रे?"

"लाकूडमा गाठ व्हती, नाना."

"भोग होता," मिस्त्री म्हणाले. "आता काही मागणार नाही ती."

नानांनी मान डोलावली. आप्पांनीही डोलावली. तिघांचं समाधान झालं होतं. उद्या पुन्हा कुणीतरी दारात उभं राहणार आणि हा हात, नानांच्या हातात असलेला हा हात, पात्याच्या शेजारी एकटा राहणार, हे मला अगदी स्पष्ट दिसलं. मी मान वर केली. आवाज फुटला तो माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा.

"गाठ नव्हती, आप्पा. तुम्ही राम राम घेतलात, मी पाहिलंय. करवत चालू असताना आता कुणाचाच राम राम घ्यायचा नाही. नानांचासुद्धा नाही."