अवसेचा उजेड

दिवस मावळला की नाना शाळेच्या गच्चीवर डोळ्यांना काळी पट्टी बांधून अर्धा तास बसत. धुळ्यातले लोक हसत. "डोळ्यांना अंधाराची सवय करावी लागते," असं त्यांनी हेडमास्तरांनाही सुनावलं होतं, "तुम्हाला ती जन्मजात आहे!"

ते शास्त्र शिकवत, मी मराठी. अवसेच्या रात्रीही फार उंचावरची हवा आपली आपण मंद उजळते, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "चांदण्यांचा उजेड असेल." ते उखडले. संतापले की त्यांच्या तोंडी गावची बोली यायची. "आभाय बठ्ठं कायं नई शे, भाऊ! चांदण्या वजा करीसन बी उजेड उरस!" म्हणजे आभाळ सगळं काळं नसतंच, चांदण्या वजा केल्या तरी उजेड उरतो.

एका नळीत त्यांनी घड्याळाची रेडियम लावलेली तबकडी बसवली होती. तिचा उजेड आभाळाइतका फिका होईपर्यंत तिच्यावर पतंगाचे कागद चढवायचे आणि ते मोजायचे. आकडा ते सांगत, मी जिन्यात कंदिलापाशी बसून लिहून घेई. नऊ वर्षं! "थंड मुलखातले आकडे छापून येतात," ते चिडून म्हणत. "आपल्या आभाळाचे कोण मोजणार?"

युद्ध चालू होतं, त्यातच इकडे चळवळ पेटली. एका रात्री फौजदार गच्चीवर आला. "इशारे कुणाला देतोस?" नानांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला. हेडमास्तरांना बोलावलं, तर त्यांनी सरळ हात झटकले. मग फौजदाराने वह्या माझ्यापुढे धरल्या. "अक्षर तुझं. हे काय आहे?"

मला सगळं ठाऊक होतं. मी म्हणालो, "ते सांगत, मी लिहीत असे. अर्थ मला माहीत नाही."

नाना महिनाभर कोठडीत राहिले. नोकरी गेली. वह्या फौजदाराच्या घरी पाणी तापवायच्या बंबात जळाल्या, हे त्याच्याच शिपायाने मला हसत सांगितलं. त्या हसण्याने आजही माझं डोकं फिरतं.

दोन वर्षांनी नाना नरडाणा स्टेशनवर भेटले. फार खंगले होते. मी म्हणालो, "नाना, मी घाबरलो होतो."

"फौजदारले समजे नई," ते म्हणाले. "हेडमास्तरले समजे नई. तुले तं समजे!"

गाडी आली. मी त्यांची वळकटी उचलायला वाकलो. त्यांनी ती माझ्या हातातून हिसकावून घेतली आणि ते डब्यात चढले. त्याच हिवाळ्यात ते गेले. मला कुणी कळवलंही नाही.